कोल्ह्यावर बसलेला मृग आणि ड्रॅगनचे वर्ष

पणजीच्या एका चिनी हॉटेलात ताटाखाली घालायचा कागद मी एकदा घडी करून खिशात टाकून आणला. त्यावर बारा प्राण्यांचे वर्तुळ छापले होते : उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. प्रत्येकाखाली सालांची यादी आणि दोन-तीन ओळींत स्वभाव. माझा जन्म १९६० च्या मकरसंक्रांतीचा, पोर्तुगीज अमदानीतला. कागदाप्रमाणे मी उंदीर. चलाख, काटकसरी वगैरे. मला बरे वाटले.

पुढे कधीतरी वाचनात आले, की चिनी वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ते चांद्र वर्ष असते आणि जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही लागते. १९६० साली ते २८ जानेवारीला लागले. संक्रांतीला जन्मलेला मी त्याआधीच्या वर्षाच्या पोटात गेलो. म्हणजे उंदीर नव्हे, डुक्कर. ही बातमी घरात सांगितली तेव्हा बायको म्हणाली, यात नवीन ते काय?

हा कागद माझ्या पिशवीत राहिला आणि जून २०२४ मध्ये माझ्याबरोबर थेट मोहगावला पोचला. गोव्याच्या माणसाला मोहगाव कुठून ठाऊक असणार? धाकटी बहीण नागपूरला दिलेली, तिच्या नणंदेचे सासर तिथले. नागपूरहून छिंदवाड्याच्या वाटेला लागले की महाराष्ट्राची हद्द संपते, पाट्या हिंदीत होतात, आणि मराठी मात्र चालूच राहते. सौंसर, पांढुर्णा हा सगळा पट्टा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला, नंतर मध्य प्रांतातला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर इकडे आले आणि हा भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. घरात, शेतात, भांडणात मराठी. कचेरीत, शाळेत हिंदी. आम्ही गोवेकरांनी पोर्तुगिजांच्या काळात जे केले तेच हे लोक करत आले आहेत, फक्त त्यांच्याविषयी कुणी परिसंवाद भरवत नाही.

त्या घराच्या ओसरीवर दोन कालनिर्णये टांगलेली होती. एक मराठी, एक हिंदी. मला आधी वाटले, देणाऱ्याने दिले म्हणून लावले असेल. पण नाही, दोन्ही लागतात. मराठी पंचांगाचा महिना अमावास्येला संपतो, हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. त्यामुळे शुक्लपक्ष दोघांचा एकाच नावाचा, कृष्णपक्ष मात्र वेगळ्या. पोळा या भागातला सर्वांत मोठा सण; दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या दोन तीरांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. हा पोळा मराठी कालनिर्णयात श्रावण अमावास्येला आणि हिंदी कालनिर्णयात भाद्रपद अमावास्येला. दिवस तोच, बैल तेच, महिना मात्र भिंतीच्या कुठल्या खिळ्याकडे पाहता त्यावर.

घरातले आबाजी ऐंशीच्या पुढचे. अंगणातल्या खाटेवर बसून ते कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांकडे पाहत होते. पाकिटे चार दिवसांपासून तशीच होती. त्यांचा नातू पुण्याला नोकरीला, सुटीवर आलेला. मी कागद काढून दाखवला तशी त्याने लगेच स्वतःचा प्राणी शोधला आणि म्हणाला, "किती भारी आहे ना हे! आपल्याकडं असं काहीच नाही."

आबाजींनी मान वर केली. "कसं नाही? यंदा मृग कशावर बसून आला हाये, पाह्यलं काय?"

नातवाने पाहिले नव्हते. आबाजींनी बोटे मोडून मोजले. मृग लागला ७ जूनच्या रात्री. आदल्या दिवशी अमावास्या झालेली, म्हणजे चंद्र सूर्याच्या जवळच, एकच नक्षत्र पुढे, आर्द्रेत. मृग एक, आर्द्रा दोन. "दोन म्हंजे कोल्हा. कोल्हा पानी देत नाही जी, हुलकावनी देते. थांबा लागते."

वाचकहो, मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे नवीन नाही. पण हे वाहन ठरते कसे, हे मी तोवर कधी विचारले नव्हते. पंचांगात छापलेले असते, आपण वाचतो. हिशेब असा : सूर्य ज्या क्षणी पावसाच्या नक्षत्रात शिरतो, त्या क्षणी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते पाहायचे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत दोन्ही धरून मोजायचे आणि नवाने भागायचे. बाकी एक राहिली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, आणि बाकी शून्य असेल तर हत्ती. बेडूक, म्हैस आणि हत्ती पाण्याचे जीव, म्हणून भरपूर पाऊस. मोर, उंदीर, गाढव मध्यम. कोल्हा आणि मेंढा ओढ देणारे. घोडा डोंगराच्या बाजूला पडणारा.

म्हणजे नऊ प्राणी झाले. एवढ्यावर थांबत नाही. मकरसंक्रांत दरवर्षी कशावर तरी स्वार होऊन येते, ते त्या वेळच्या करणावरून ठरते. करणे अकरा, म्हणून वाहनेही अकरा : सिंह, वाघ, डुक्कर, गाढव, हत्ती, म्हैस, घोडा, कुत्रा, मेंढा, बैल, कोंबडा. आणि पत्रिका जुळवताना जी योनी पाहतात तिचे प्राणी चौदा. अश्विनीवर जन्मलेला घोडा, रेवतीवर जन्मलेला हत्ती, रोहिणीवर साप, चित्रेवर वाघ. यातल्या जोड्या एकमेकींच्या वैरी : गाय-वाघ, हत्ती-सिंह, घोडा-म्हैस, साप-मुंगूस, कुत्रा-हरीण, माकड-मेंढा, मांजर-उंदीर. छत्तीस गुणांतले चार या योनीचे. चिनी लोकांतही अशाच वैरी जोड्या आहेत. त्यांचे वर्तुळ घेऊन समोरासमोरच्या घरांत रेघ ओढली की मिळतात : उंदीर-घोडा, बैल-मेंढा, वाघ-माकड, ससा-कोंबडा, ड्रॅगन-कुत्रा, साप-डुक्कर. तिथलेही आईबाप सोयरीक करताना ही रेघ पाहत आले आहेत.

तेव्हा "आपल्याकडे असे काही नाही" हे खरे नव्हे. मोहगावहून परतल्यावर मी या बारा जणांच्या मागे लागलो आणि जे हाती आले ते सांगतो.

पहिली गोष्ट, त्याला 'चिनी राशी' म्हणणे चूक आहे. आपला मेष, वृषभ, सिंह हे आकाशातल्या ताऱ्यांच्या पट्ट्यांना दिलेले आकार आहेत. ते बाबिलोन-ग्रीसकडून आपल्याकडे आले. चिनी बारा प्राणी आकाशात कुठेही नाहीत. ते मोजणीचे आकडे आहेत. चीनमध्ये दिवस मोजायची फार जुनी पद्धत अशी, की दहा चिन्हांची एक माळ आणि बारा चिन्हांची दुसरी माळ घ्यायची आणि दोन्ही एकत्र फिरवत न्यायच्या. दहा आणि बारा यांचा लसावि साठ, म्हणून साठ दिवसांनी पहिली जोडी परत येते. आन्यांग येथे सापडलेल्या शांग राजवटीच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर या जोड्या कोरलेल्या आहेत. ती हाडे इसवी सनापूर्वी सुमारे १२०० ची. पण त्यांत प्राणी नाहीत, नुसती चिन्हे.

प्राणी केव्हा आले? हुबेई प्रांतात युनमेंगजवळ शुइहुदी नावाची जागा आहे. तिथे १९७५-७६ मध्ये छिन राज्याच्या एका कारकुनाची कबर उघडली. इसवी सनापूर्वी २१७ च्या सुमारास पुरलेल्या त्या माणसाबरोबर बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेली दफ्तरे ठेवलेली होती. कायदे, खटले, आणि त्यांच्यात एक मुहूर्ताचे पुस्तक. त्या मुहूर्ताच्या पुस्तकात चोर ओळखण्याचे प्रकरण आहे. अमुक चिन्हाच्या दिवशी चोरी झाली तर त्या दिवसाचा प्राणी उंदीर, म्हणून चोर टोकदार तोंडाचा. तमुक दिवसाचा वाघ, तर चोराच्या मिशा अशा. आज आपण स्वभाव पाहण्यासाठी वापरतो ते प्राणी मुळात पोलिसपाटलाच्या कामाचे होते! आणि यादीही आजच्यासारखी पक्की नव्हती. घोड्याच्या घरात हरीण आहे, घोडा मेंढ्याच्या घरात सरकलेला आहे, कुत्र्याच्या जागी म्हातारा मेंढा आहे, आणि ड्रॅगनच्या घरात प्राण्याचे नावच लिहिलेले नाही. बुद्धाने प्राण्यांना बोलावले आणि ते आले त्या क्रमाने वर्षे दिली, किंवा स्वर्गाच्या राजाने नदी ओलांडायची शर्यत लावली आणि उंदीर बैलाच्या पाठीवर बसून पहिला आला, मांजराला मात्र त्याने झोपेतून उठवलेच नाही, या सगळ्या गोड कथा फार नंतरच्या आहेत. आधी आकडे, मग चोर, मग प्राणी पक्के झाले, मग गोष्टी.

आजची बाराजणांची यादी जशीच्या तशी सापडते ती पहिल्या शतकातल्या वांग छुंग याच्या ग्रंथात. हा गृहस्थ मला फार आवडला, कारण त्याने यादी दिली आहे ती टिंगल करण्यासाठी. तो विचारतो, उंदीर पाण्याचा आणि घोडा आगीचा असे तुम्ही म्हणता, पाणी आगीला जिंकते हेही म्हणता, मग उंदीर घोड्याच्या मागे धावताना का दिसत नाही? दोन हजार वर्षे झाली, कुणी उत्तर दिलेले नाही.

माणसाचा जन्म प्राण्याने ओळखणे सहाव्या शतकापर्यंत घरोघर गेलेले दिसते. त्याचा एक पुरावा हृदयाला भिडणारा आहे. उत्तर झोउ राज्यातला युवेन हू हा त्या वेळचा खरा सत्ताधीश. त्याची आई शत्रुराज्यात अडकून पडली होती, मायलेकरांची कित्येक वर्षांत भेट नव्हती. ५६४ साली तिच्या नावाने त्याला पत्र आले. हे पत्र आपल्याच आईचे हे मुलाला पटावे म्हणून त्यात घरच्या खुणा दिल्या आहेत, आणि पहिली खूण ही, की तुझा थोरला भाऊ उंदराचा, मधला सशाचा आणि तू सापाचा. तारीख नाही, तिथी नाही. जन्माविषयी आईने दिलेली खूण एवढीच.

आता आपला गुरू. बारा हाच आकडा का, याचे एक उत्तर आकाशात आहे. गुरू सूर्याभोवती जवळपास बारा वर्षांत फिरतो. चिनी लोक त्याला वर्षतारा म्हणत, आणि तो दरवर्षी एक घर पुढे जातो असे धरून त्यांनी वर्षांना त्या बारा चिन्हांची नावे दिली. आपणही तेच केले. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो तो गुरू सिंहेत येतो म्हणून. आणि गुरूच्या पाच फेऱ्या म्हणजे साठ वर्षे, त्यांची प्रभव, विभव, शुक्ल अशी साठ संवत्सरे. पाडव्याला देवळात भट नव्या संवत्सराचे नाव वाचून दाखवतो ते यातलेच.

पण गुरूला बारा वर्षे लागत नाहीत. ११.८६ लागतात. हा थोडासा फरक साठत जातो आणि ८५-८६ वर्षांनी गुरू हिशेबापेक्षा एक घर पुढे गेलेला सापडतो. मग काय करायचे? एक वर्षनाव गाळायचे. उत्तर हिंदुस्थानात ते गाळतात. दक्षिणेत आणि महाराष्ट्रात हजारएक वर्षांपूर्वी गाळणे सोडून दिले आणि नावे सरळ एकामागून एक घेतली. परिणाम असा, की उत्तरेचे संवत्सर आज आपल्यापेक्षा दहाहून अधिक नावांनी पुढे आहे. मोहगावच्या त्या भिंतीवर नुसता महिना नव्हे, वर्षाचे नावसुद्धा दोन तऱ्हांचे होते. मराठीत क्रोधी संवत्सर आणि हिंदीत भलतेच काही. हा गाळण्याचा हिशेब नीट समजून घ्यायचा असेल तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे 'भारतीय ज्योतिषशास्त्र' काढावे. १८९६ चे पुस्तक आहे, अजून त्याला तोड नाही.

गंमत पुढे आहे. चिनी लोकांनाही हीच अडचण आली. त्यांच्या ज्योतिष्यांनीही अमुक वर्षांनी एक घर उडी मारायचे ठरवून पाहिले. आणि पहिल्या शतकात तेही कंटाळले. गुरूला त्याच्या वाटेने जाऊ दिले आणि साठांची मोजणी सरळ चालू ठेवली. दोन देशांनी एकमेकांना न विचारता एकच तडजोड केली. ग्रह सुटला, मोजणी राहिली. आज चीनचे सापाचे वर्ष असो की आपले विश्वावसु संवत्सर, आकाशातल्या गुरूशी त्याचा संबंध एखाद्या निवृत्त मामलेदाराचा कचेरीशी असावा तेवढाच.

आणि या दोन मोजण्या एका ठिकाणी खरोखरच एकमेकींना भेटल्या आहेत : तिबेटात. तिबेटी लोकांनी प्राणी चीनकडून घेतले आणि संवत्सरे कालचक्र तंत्राबरोबर आपल्याकडून. ते तंत्र १०२७ मध्ये तिबेटीत आले, ते प्रभव संवत्सर होते आणि सशाचे वर्ष. तिथून त्यांनी साठांची माळ मोजायला घेतली आणि त्या माळेलाच 'प्रभव' या शब्दाचे भाषांतर करून रबजुंग नाव दिले. नंतर सोळा फेऱ्या होऊन १९८७ मध्ये सतरावी सुरू झाली. आता आपले पंचांग काढून पाहा, १९८७ च्या पाडव्याला आपल्याकडे प्रभवच लागले होते. म्हणजे आपल्या संवत्सराचे नाव घेतले की चिनी प्राणी आपोआप सांगता येतो. क्रोधी म्हणजे ड्रॅगन, विश्वावसु म्हणजे साप, पराभव म्हणजे घोडा. मोहगावच्या मराठी कालनिर्णयावर 'क्रोधी' छापलेले होते आणि माझ्या हॉटेलच्या कागदावर २०२४ समोर ड्रॅगन होता. दोन्ही एकच.

बौद्ध भिक्षूंच्या हातून देवघेव याआधीच सुरू होती. पाचव्या शतकात धर्मक्षेम नावाच्या हिंदुस्थानी पंडिताने चिनीत उतरवलेल्या महासंनिपात सूत्रात बारा प्राणी आहेत, जंबुद्वीपाच्या चार दिशांना समुद्रात राहणारे आणि आळीपाळीने जीवांना उपदेश करत फिरणारे. यादी चिनीच, पण वाघाच्या जागी सिंह आहे. आठव्या शतकात तांग दरबाराच्या ज्योतिष खात्यात गौतम आडनावाचे एक हिंदुस्थानी घराणेच काम करत होते, आणि ७५९ मध्ये अमोघवज्राने आपली नक्षत्रे, राशी आणि वार चिनी वाचकांना समजावून सांगितले.

आणि गोवा? मकाव १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होते हे आपण विसरतो. चीनला जाणारे कित्येक पाद्री आधी आपल्या मांडवीत उतरत असत. मातेओ रिची १५७८ मध्ये आला आणि १५८२ मध्ये पुढे गेला. आदाम शाल १६१८ मध्ये गोव्यात होता. पुढे हाच जर्मन पाद्री पेकिंगच्या बादशाही ज्योतिष खात्याचा प्रमुख झाला. त्याच्यावर १६६४ मध्ये खटला भरला गेला. आरोपांतला एक असा, की बादशहाच्या तान्ह्या मुलाच्या दफनाला त्याच्या खात्याने अशुभ वेळ काढून दिली. ग्रहणाचा क्षण अचूक सांगणाऱ्या माणसाला शिक्षा झाली ती मुहूर्त चुकला म्हणून. मृत्यूदंड ठोठावला होता. १६६५ मध्ये राजधानीत भूकंप झाला, दरबार घाबरला आणि म्हातारा सुटला. त्याच्या हाताखालचे पाच चिनी ज्योतिषी मात्र सुटले नाहीत. त्यांची डोकी उडवली गेली.

पंचांग ही चेष्टेची गोष्ट नव्हे, हे म्हणायला मला पेकिंगपर्यंत जायची गरज नव्हती. माझी आत्या पेडण्याला वारली, अविवाहित. मूळ नक्षत्रावर जन्मलेली म्हणून. मूळ सासऱ्याला वाईट, आश्लेषा सासूला, ज्येष्ठा थोरल्या दिराला, विशाखा धाकट्या दिराला अशी आमच्याकडे वाटणीच करून ठेवली आहे. सासरा जिवंत असलेल्या प्रत्येक घराने तिची पत्रिका परत पाठवली. ती मराठी शाळेत शिकवायची, माझी अक्षरे तिनेच गिरवून घेतली. पाढे म्हणून घेताना तिची छडी नेहमी टेबलावर पडायची, आमच्यावर कधी नाही. आजीला विचारले तर ती एवढेच सांगायची, की बाय पहिल्या कोंबड्याला झाली. जोशीबुवांनी पहिला कोंबडा म्हणजे सहा धरले होते. पहिला कोंबडा चारच्याही आधी आरवतो हे कोंबडी पाळणारे कुठलेही घर सांगेल. अलीकडे मी संगणकावर त्या दिवसाचे पंचांग काढले. पहाटे साडेचारपर्यंत चंद्र ज्येष्ठेत होता. मुळात नव्हताच.

अर्थात ज्येष्ठा निघाली असती तर थोरला दीर असलेल्या घरांनी पत्रिका परत पाठवली असती. उरलेल्या घरांत एखादे तरी निघाले असते, इतकेच.

जपानमध्येही असेच. साठांच्या माळेतले एक वर्ष 'अग्निघोड्या'चे असते आणि त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते अशी समजूत. १९६५ मध्ये तिथे सुमारे १८ लाख मुले जन्मली. १९६६ हे अग्निघोड्याचे वर्ष आले आणि जन्म १३.६ लाखांवर उतरले. कारखाने, आगगाड्या, विद्यापीठे असलेल्या देशात हे घडले. पुढचा अग्निघोडा २०२६ चा, आपले पराभव संवत्सर.

मग आबाजींचा कोल्हा? मी त्यांना त्या दिवशी विचारलेच. म्हटले, आबाजी, वाहन सूर्य-चंद्रावरून ठरते, म्हणजे ते गोव्यालाही कोल्हाच आणि मोहगावलाही कोल्हाच. आमच्याकडे तर ४ जूनलाच पाऊस लागला, मी येताना छत्री मिटवत निघालो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पडतो आणि तुमच्याकडे हजाराच्या आसपास. एकाच कोल्ह्याने दोन्हीकडचे कसे सांगायचे?

आबाजी काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्याकडं समुद्र हाये ना जी. तुमचा कोल्हा पोहते."

नातू हसला. पण चीनच्या खेड्यातही मला असाच आबाजी भेटला असता, हे नंतर कळले. तिथल्या पंचांगात वर्षारंभी बैल आणि गुराखी यांचे चित्र असते. गुराखी अनवाणी असला तर पाऊस भरपूर, दोन्ही पायांत जोडे असले तर कोरडे वर्ष, एका पायात असला तर मध्यम. शिवाय यंदा पाण्याच्या कामावर किती ड्रॅगन नेमले आहेत तेही मोजतात. पहिल्या महिन्यात ड्रॅगनचा दिवस पाचव्या तिथीला आला तर पाच ड्रॅगन, दहाव्याला आला तर दहा. ड्रॅगन जितके जास्त तितका पाऊस कमी! दहा जण असले की प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. ज्याने हे शोधले त्याने सरकारी कचेरीत दिवस काढले असणार. त्याचबरोबर नांगराला किती बैल, हेही असेच मोजले जाते. नऊ वाहनांची बाकी काढणारा आमचा जोशी आणि ड्रॅगन मोजणारा तो, एकाच काळजीने बसलेले. बियाणे एकदाच विकत घेता येते. पहिल्या सरीला पेरले आणि नंतर पंधरा दिवस ऊन पडले तर दुबार पेरणी, आणि दुबार पेरणीचे पैसे सावकाराचे.

त्या जूनमध्ये मोसमी पाऊस विदर्भाच्या दारात येऊन आठवडाभर रेंगाळला. हवामान खात्याचा संदेश नातवाच्या फोनवर होता, तोही थांबा असेच सांगत होता. कोल्ह्याचे आणि खात्याचे त्या वर्षी जमले. दर वर्षी जमत नाही, हे आबाजींनाही ठाऊक आहे. कोल्हा असूनही पेरले, साधले, असे एक साल त्यांनीच मला सांगितले. निघताना मी मुद्दाम विचारले, नातीची पत्रिका पाहता का? घरात लग्नाची नात होती. आबाजींनी नातीच्या खोलीकडे पाहिले आणि आवाज खाली करून म्हणाले, "एक ठिकान आलं होतं, चांगलं. हत्ती अन् सिंह निघाले. वापस गेलं."

"आणि तुम्ही?"

"म्या काय. म्या पाह्यलं नव्हतं, त्याहीनं पाह्यलं."

जूनच्या शेवटच्या आठवड्यात बहिणीचा फोन आला, मोहगावला पेरणी झाली. आर्द्रेचे वाहन काय होते ते मी विचारले नाही. नातीला मे महिन्यात दुसरे स्थळ आले होते, तिकडून अजून काही कळले नव्हते.